जुनी जपानी तलवार टिकली ती घेणाऱ्यांमुळेच

जुन्या जपानी तलवारी खासगी माणसांनी विकत घेऊ नयेत, असे ठासून सांगणारे लोक सगळीकडे भेटतात. त्यांचे म्हणणे असे: तलवार हे माणसे मारण्याचे हत्यार आहे, ते दिवाणखान्यात मिरवण्यात कसली आली आहे रसिकता? शिवाय जपानबाहेर आज दिसणाऱ्या कितीतरी तलवारी १९४५च्या पराभवानंतर उचलून नेलेल्या, म्हणजे लूटच. ज्या रीतसर विकल्या जातात, त्यांचे भाव पाहता तो धनवंतांचा खेळ. तेव्हा हा बाजार बंद करा, तलवारी संग्रहालयांच्या हवाली करा आणि विषय मिटवा.

आपल्याकडे हे म्हणणे पटायला वेळ लागत नाही. एप्रिल २०२५मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तो आनंद रास्त होता, मलाही तो झाला. पण बाहेर गेलेली प्रत्येक तलवार ही लूट आणि संग्रहालय हेच तिचे खरे घर, असा सरसकट नियम त्या आनंदातून काढला जातो. जपानी तलवारीला तो लावला की तिच्या इतिहासावर अन्याय होतो.

माझे म्हणणे या नियमाच्या नेमके उलट आहे. आठशे वर्षांपूर्वीचे जपानी पाते आज लख्ख दिसते, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी ते पैसे मोजून घेतले किंवा वारशाने सांभाळले, पुसले, त्याला तेल लावले आणि वेळ आली तेव्हा जाणत्या शिकलगाराकडे पाठवले. या तलवारींचे जतन खासगी मालकीतूनच झाले आहे. खरेदी थांबवली तर जतनही थांबेल.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. जपानी पाते गंजणाऱ्या पोलादाचे असते. उघड्या पात्यावर बोट टेकले तर घामातल्या क्षारांनी त्या जागी डाग धरतो आणि तो घालवायचा तर पाते घासावे लागते. म्हणून ते साध्या लाकडी म्यानात ठेवतात. या म्यानाला ‘शिरासाया’ म्हणतात. त्याची दोन फळकुटे भाताच्या खळीने चिकटवलेली असतात. आत जुने तेल आणि धूळ साचली की म्यान उकलून साफ करता यावे, हा त्यामागचा हेतू. पात्याचे नेमाने जुने तेल टिपायचे, दगडाच्या बारीक भुकटीने उरलेला तेलकटपणा काढायचा, गंजाचा ठिपका कुठे आला आहे का ते पाहायचे आणि लवंगेच्या वासाच्या ‘चोजी’ तेलाचा पातळ हात द्यायचा. खंडेनवमीला घरातली तलवार काढून वर्षातून एकदा पुसतात, तेवढ्याने इथे भागत नाही. जपानच्या दमट हवेत एका पिढीने हयगय केली तरी पाते कायमचे बिघडते.

शिवाय ही वस्तू हातात घेतल्याखेरीज नीट दिसत नाही. पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. तापलेले पाते पाण्यात गेले की पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ त्या मानाने मऊ राहते. या दोहोंच्या सीमेवर जी पांढरट रेषा उमटते ती ‘हामोन’. पाते दिव्याकडे तिरपे धरून सावकाश फिरवले की त्या रेषेतले कण एकेक करून चमकू लागतात. ते सुटे, डोळ्यांना दिसण्याइतके ठळक असले तर ‘निए’, आणि धुक्यासारखे एकजीव दिसले तर ‘निओई’. वर अंगभर पोलादाच्या घड्यांचा पोत दिसतो, कुठे लाकडाच्या शिरांसारखा, कुठे त्यांच्या गाठींसारखा. बिझेन प्रांताचा लोहार कोणता आणि सागामी प्रांताचा कोणता, हे जाणकार यावरून ओळखतात. काचेआड, एका जागी बसवलेल्या दिव्याखाली यातले निम्मेही दिसत नाही. जपानमध्ये आजही तलवारीचा अभ्यास पाती हातोहात देऊन होतो आणि त्यासाठी पाती देणारे मालक लागतात.

शिकलगाराची गोष्ट यापुढची. जपानी शिकलगार पाते एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर घासतो. शेवटच्या दगडांच्या तर कागदासारख्या चकत्या करून तो त्या अंगठ्याने पात्यावर फिरवतो. एका पात्याला आठवडेच्या आठवडे लागतात. प्रत्येक घासणीत थोडे पोलाद कायमचे जाते. बहुतेक पात्यांचे बाहेरचे कडक पोलाद आतल्या मऊ पोलादावर मढवलेले असते आणि फार वेळा घासले की आतला गाभा उघडा पडतो. अशा पात्याला थकलेले म्हणतात आणि त्यावर उपाय नाही. कधी घासायचे आणि कधी हात आवरायचा, हा निर्णय घेणारी माणसे वर्षानुवर्षे गुरूजवळ राहून तयार होतात. त्यांचे घर चालते ते मुख्यत्वे खासगी मालकांच्या कामावर. म्यान करणारा आणि पात्याच्या मुळाशी धातूची पट्टी बसवणारा, या दोघांचीही तीच गत. बाजार बंद करा म्हणणाऱ्यांनी या कारागिरांना काम कोण देणार, हे सांगितले पाहिजे. मला तरी त्यांच्याकडून याचे उत्तर मिळालेले नाही.

आता संग्रहालयांकडे वळू. जपानमध्ये नोंदणी झालेल्या तलवारींची संख्या वीस लाखांहून अधिक आहे. राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेल्या तलवारी शंभराहून थोड्या जास्त. उरलेल्या लाखो तलवारी कोणत्या संग्रहालयाने घ्यायच्या? त्यांना तेल लावायला माणसे कुठून आणायची? हा प्रयोग एकदा झालेला आहे. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने जपानी घराघरांतून तलवारी जमा केल्या. तोक्योजवळ जमा झालेल्यांची रास अकाबाने इथल्या लष्करी भांडारात पडली. त्यांतल्या साडेपाच हजारांच्या आसपास तलवारी १९४७मध्ये तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आल्या. मालक कोण ते ठाऊक नव्हते. त्या तशाच सुमारे अर्धे शतक पडून राहिल्या. अखेर १९९०च्या दशकात कायदा करून ज्यांचे मालक सापडले त्यांना त्या परत दिल्या आणि बाकीच्या देशभरच्या सार्वजनिक संग्रहालयांना वाटल्या. वाटप झाले तेव्हा अनेक पाती गंजलेली होती. मी त्या संग्रहालयाला दोष देत नाही. इतक्या पात्यांची निगा एका संस्थेला झेपणारीच नव्हती. पण सगळे संग्रहालयात टाका म्हणणाऱ्यांनी अकाबानेच्या तलवारींचे काय झाले ते आधी वाचावे.

संग्रहालये ज्या तलवारींचा अभिमान मिरवतात त्या आल्या कुठून, हेही पाहावे. १८७६मध्ये मेइजी सरकारने कमरेला तलवार बांधून फिरण्यावर बंदी घातली. सामुराई घराण्यांचे उत्पन्न आटले होतेच, आता तलवारीचा मानही गेला. लोहारांचे काम बुडाले, पाती कवडीमोल झाली आणि नक्षीदार साज परदेशी जहाजांत भरून जाऊ लागला. त्या पडत्या काळात मित्सुमुरा तोशिमो या व्यावसायिकाने तलवारी आणि त्यांचा साज हजारोंच्या संख्येने घेतला. पुढे त्याच्यावर संग्रह विकण्याची वेळ आली, तेव्हा नेझु काइचिरो या उद्योगपतीने तो १९०९मध्ये विकत घेतला. आज तोक्योच्या नेझु संग्रहालयात तलवारींच्या साजाचा जो संग्रह लोक पाहतात तो या दोन खरेद्यांमुळे उभा आहे. बोस्टनच्या संग्रहालयातला जपानी तलवारींचा नामांकित संग्रह विल्यम स्टर्जिस बिगेलो या अमेरिकी संग्राहकाच्या देणगीवर उभा आहे. १९४८मध्ये जपानी कला-तलवारींच्या जतनासाठी जी संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष होसोकावा मोरितात्सु स्वतः मोठे संग्राहक होते. त्यांनी उभारलेल्या एइसेइ बुन्को या संग्रहालयात राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या तलवारी आहेत. संग्राहकाला संग्रहालयाचा शत्रू ठरवणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसावा.

लुटीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. १९४५नंतर जपानमधून लाखो तलवारी गेल्या, त्यांतल्या बऱ्याच सैनिकांनी आठवण म्हणून नेल्या. सगळ्यांत मोठा घाव ‘होन्जो मासामुने’चा. शोगुनांच्या तोकुगावा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही तलवार तोकुगावा इएमासा यांनी डिसेंबर १९४५मध्ये इतर तलवारींसह मेजिरोच्या पोलीस ठाण्यात जमा केली. जानेवारी १९४६मध्ये ती अमेरिकी लष्करी माणसाच्या हाती गेली आणि त्यानंतर आजतागायत तिचा पत्ता नाही. हे दुःख कुणी लहान मानू नये. ती कुठे सापडली तर ती परत जायलाच हवी, यावर माझ्या मते दुमत असूच शकत नाही.

पण लूट झाली म्हणून बाजार बंद केला तर काय होईल? सैनिकांनी नेलेली पाती आज त्यांच्या नातवंडांच्या माळ्यांवर आणि तळघरांत आहेत. ती जाणकाराच्या नजरेला पडतात ती विक्रीला आली म्हणूनच. कागोशिमाच्या तेरुकुनि देवस्थानाची, कुनिमुने या लोहाराने घडवलेली तलवार हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. राष्ट्रीय ठेवा असलेली ही तलवार युद्धानंतर गायब झाली. पुढे ती अमेरिकेतील औषधउद्योगातले डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांच्याकडे आली. त्यांनी ती ओळखली आणि १९६३मध्ये एक पैसाही न घेता देवस्थानाला परत केली. सरकारी खात्यांना जे जमले नव्हते ते एका संग्राहकाच्या अभ्यासाने आणि सचोटीने साधले. १९६०च्या दशकापासून जपानी व्यापाऱ्यांनीही अमेरिकेत जाऊन ढिगाने तलवारी परत विकत घेतल्या आणि मायदेशी नेल्या. गेलेल्या तलवारी परत आल्या त्या मोठ्या प्रमाणात खरेदीच्याच वाटेने.

पुढचा आक्षेप रक्ताचा. इथे मला माझ्याच बाजूच्या काही लोकांना खडसावायचे आहे. या पात्यांनी माणसे मारली आहेत. तोकुगावा शोगुनांच्या एदो काळात देहदंड झालेल्यांच्या प्रेतांवर नव्या तलवारींची धार तपासली जाई आणि किती देह कापले त्याची नोंद मुठीतल्या भागावर सोन्याने कोरत. विसाव्या शतकात नानजिंगपासून आग्नेय आशियातल्या बंदीछावण्यांपर्यंत जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारींनी बंदिवानांची मुंडकी उडवली, हे छायाचित्रांसह सिद्ध आहे. जो विक्रेता ‘सामुराईचा आत्मा’ म्हणून असले पाते चढ्या भावाने खपवतो आणि जो गिऱ्हाईक ती कहाणी अंगावर शहारे आणत ऐकतो, ते दोघेही या विषयाचे नुकसान करतात. संग्राहकाने हा इतिहास लपवू नये आणि सजवूही नये.

मात्र यातून तलवार नष्ट करावी किंवा डोळ्याआड करावी, हा निष्कर्ष निघत नाही. एदो काळातली सुमारे अडीच शतके बहुतांशी शांततेची होती. त्या काळातली असंख्य पाती कधी लढाईत गेलीच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात खालच्या हुद्द्यांसाठी कारखान्यात ठोकलेल्या आणि क्रमांक मारलेल्या तलवारी वेगळ्या. घरातले जुने पाते लष्करी मुठीत बसवून अधिकाऱ्याने रणांगणावर नेले, ती गोष्टही वेगळी. जपानचा कायदासुद्धा हा भेद करतो. पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारीलाच तिथे कलावस्तू म्हणून नोंदणी मिळते, कारखान्यातल्या लष्करी तलवारीला मिळत नाही. ब्रिटनने २००८मध्ये वक्र तलवारींच्या विक्रीवर बंदी आणली, तेव्हा तिथेही जुन्या आणि पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारी वगळल्या. नकली हत्यारांनी होणाऱ्या गुन्ह्यांसाठी शेकडो वर्षे जपलेल्या पात्यांना शिक्षा करण्यात अर्थ नाही, हे दोन्ही देशांना कळले.

हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, हा आक्षेप अर्धाच खरा. ‘सान्चोमो’ ही सरदार उएसुगी केन्शिन यांच्याशी जोडली गेलेली राष्ट्रीय ठेवा तलवार सेतोउची शहराने २०२०मध्ये ५० कोटी येनांना घेतली. ओसाफुने हे तलवारींचे प्रख्यात गाव याच शहरात येते. ही रक्कम एका धनवंताची नव्हती, देशभरातून आलेल्या देणग्यांतून ती जमली. दुसऱ्या टोकाला, सही नसलेली पण खरी, प्रमाणपत्र असलेली आखूड तलवार दोन-तीन लाख येनांत मिळू शकते. आपल्या मोटारसायकलीच्या किमतीत बसणारी ही रक्कम आहे. जपानमध्ये शाळामास्तर, निवृत्त कर्मचारी, दुकानदार अशी माणसे एकच पाते घेऊन आयुष्यभर सांभाळतात. त्यांच्या हौसेला धनवंतांचा माज म्हणणे हा त्यांचा अपमान आहे.

याच पैशातून नवी तलवारही घडते. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत हिवाळ्यात ‘ततारा’ भट्टी पेटते. तीन दिवस, तीन रात्री माणसे तिच्यात लोखंडी वाळू आणि कोळसा आलटून पालटून ओततात. सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा गेल्यावर अडीच टनांच्या आसपासचा गोळा निघतो आणि त्यातले उत्तम पोलाद एक टनाहूनही कमी भरते. ही भट्टी १९७७मध्ये वर सांगितलेल्या जतन-संस्थेने पुन्हा सुरू केली, कारण तिच्या पोलादाविना लोहारांना परंपरा चालवणे अशक्य होते. जुन्या तलवारीवर प्रेम करणारा गिऱ्हाईक नसता तर ही भट्टी पेटवण्याची गरज कुणाला वाटली नसती.

उरला बनावटीचा प्रश्न. बाजारात खोट्या सह्या भरपूर आहेत, हे खरे. पण त्या बाजाराइतक्याच जुन्या आहेत. सतराव्या शतकातल्या नागासोने कोतेत्सुच्या सहीच्या इतक्या नकला झाल्या की त्याचे नाव दिसले की जाणकार आधी संशयच घेतात. याला उपाय बंदी नाही, अभ्यास आहे. मुठीत दडलेला पात्याचा भाग, ‘नाकागो’, बाहेर काढून पाहा. खऱ्या जुन्या नाकागोवर शतकांचा गर्द तपकिरी-काळा गंज असतो आणि सहीच्या छिन्नीच्या खोबणीतही तोच रंग उतरलेला असतो. नवी सही कोरली असेल तर खोबणीतला गंज वेगळा बोलतो. म्हणून नाकागोचा गंज कधीही काढू नये. तो काढणारा मालक आपल्या तलवारीचा सगळ्यांत विश्वासू साक्षीदार स्वतःच्या हाताने संपवतो. उलट, सही नाही म्हणून पाते हिणकस ठरत नाही. जुन्या लांब तलवारी पुढच्या काळात कापून आखूड केल्या गेल्या, त्यात सह्या गेल्या. अनेक थोर पाती अशीच बिनसहीची आहेत.

म्हणून ज्यांना जुनी तलवार घ्यायची आहे त्यांना माझे सांगणे कडक आहे. आधी भरपूर पाती पाहा, पैसे मग काढा. जतन-संस्थेच्या प्रमाणपत्रांच्या चार पायऱ्या समजून घ्या आणि केवळ १९८२पूर्वीच्या जुन्या प्रमाणपत्रांवर विसंबू नका, पाते पुन्हा तपासणीला पाठवा. धारेवर आडवी चीर असेल तर किंमत कितीही उतरवली तरी हात लावू नका, ती चीर बरी होत नाही. जपानमधून घेताना नोंदणीचा कागद आणि तिथल्या सांस्कृतिक खात्याचा निर्यात दाखला मागा. राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती असलेले पाते विकत घेऊन देशाबाहेर नेताच येत नाही. भारतात लांब पात्याची तलवार शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते, तेव्हा परवान्याची आणि सीमाशुल्काची बाजू मागवण्यापूर्वी लेखी तपासून घ्या. पाते कुठून आले ते विचारा, आणि ते हरवलेल्या ठेव्यांपैकी निघाले तर डॉ. कॉम्प्टन यांनी केले तेच करा. घरी सँडपेपर आणि पॉलिश घेऊन बसू नका.

यातले काही जमणार नसेल तर तलवार घेऊ नका. एवढे जमत असेल, तर चोर किंवा खूनबाजीचा भक्त म्हणून तुमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांपुढे मान खाली घालायचे कारण नाही. बंदी मागणाऱ्यांनी या तलवारी वाचवलेल्या नाहीत. त्या वाचवल्या विकत घेणाऱ्यांनी, तेल लावणाऱ्यांनी आणि घासणाऱ्यांनी, आणि पुढेही हे काम त्यांच्याच हातांनी होणार आहे.